वाचकांचे प्रश्न : तार कोणाची, वीज कोणाची?

मागील अंकात वीजदरांच्या जाहीर सुनावणीविषयी लिहिताना मी एवढेच म्हटले होते की, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग छत्रपती संभाजीनगरला सुनावणी घेतो तेव्हा तेथे उद्योजकांइतकेच घरगुती ग्राहक आणि शेतकरीही दिसले पाहिजेत. त्यावर मराठवाड्यातून बरीच पत्रे आली. पुष्कळ पत्रांचा मूळ प्रश्न एकच होता : वीज, पाणी, दूरध्वनी या सेवांत खासगी कंपन्या आणि स्पर्धा आली, तर सामान्य माणसाचे भले होते की नुकसान? त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबले आहे, कारण पुढची बहुतेक उत्तरे त्याच्याच आधारावर उभी आहेत.

प्रश्न : माझे किराणा दुकान आहे. घरात तीन मोबाइल आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत. एकीचा दर परवडला नाही तर नंबर तोच ठेवून आम्ही दुसरीकडे जातो. मग विजेच्या बाबतीत आम्हाला एकाच कंपनीच्या दारात का उभे राहावे लागते? सरकारने ही मक्तेदारी मोडावी असे आपल्याला वाटत नाही का?
(एक वाचक, सेलू, जि. परभणी)

उत्तर : मोबाइल कंपनी बदलताना आपण एका कंपनीचे जाळे सोडून दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यात जातो. सेलूच्या आकाशात एकाच वेळी चार कंपन्यांच्या लहरी वाहू शकतात आणि त्या एकमेकींच्या आड येत नाहीत, कारण प्रत्येकीला वेगळी वारंवारिता दिलेली असते. एक मनोरा उभारला की त्याचा खर्च त्याखालच्या हजारो ग्राहकांत वाटला जातो आणि अनेकदा दोन-तीन कंपन्या एकाच मनोऱ्यावर आपापली यंत्रे बसवतात. विजेचे तसे नाही. उपकेंद्रापासून आपल्या दुकानातील मीटरपर्यंत खांब, तारा आणि रोहित्रे (ट्रान्सफॉर्मर) यांची जी साखळी आहे, तिच्या शेजारून दुसऱ्या कंपनीने तशीच साखळी पुन्हा उभी केली, तर दोन्ही जाळी अर्धवट वापरली जातील आणि दोन्हींचा खर्च अखेर ग्राहकांच्याच बिलात येईल. अर्थशास्त्रात अशा व्यवसायाला नैसर्गिक मक्तेदारी म्हणतात. ती कोणा सरकारच्या लहरीने निर्माण झालेली नसते. एका गावाला एकच जाळे स्वस्त पडते म्हणून ती निर्माण होते.

मात्र 'वीज' हा एकच व्यवसाय नाही. वीज तयार करणे, ती उच्च दाबाने दूरवर नेणे, गावात वाटणे आणि ग्राहकाला विकणे अशी चार वेगळी कामे त्यात आहेत. पूर्वी मुंबई सोडून बहुतेक राज्यात ही चारही कामे १९६० साली स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळच करत असे. २००३ च्या विद्युत कायद्यानंतर, जून २००५ मध्ये, मंडळाचे विभाजन झाले आणि एका सूत्रधारी कंपनीखाली महानिर्मिती, महापारेषण व महावितरण अशा तीन कंपन्या आल्या. या विभाजनामागचा विचार असा होता की, ज्या कामात स्पर्धा शक्य आहे ते, म्हणजे निर्मिती, मोकळे करावे आणि ज्या कामात ती शक्य नाही, म्हणजे तारांचे जाळे, त्यावर तटस्थ देखरेख ठेवावी. ही देखरेख करणारा आयोग आपल्या राज्यात त्याआधीच, ऑगस्ट १९९९ मध्ये, स्थापन झालेला होता. आपल्या बिलात 'वहन आकार' नावाची एक ओळ असते. ती ओळ तारांच्या वापराचे भाडे दाखवते आणि 'वीज आकार' ही ओळ त्या तारांतून आलेल्या मालाची किंमत दाखवते. आपले बिल काढून या दोन ओळी एकदा पाहाव्यात. विभाजनामागचा विचार तेथे आकड्यांत दिसतो.

आता आपला खरा प्रश्न : तार एकाची आणि विक्रेते अनेक, असे करता येईल का? २००३ च्या कायद्यात एका क्षेत्रात दोन वितरण परवाने देण्याची मुभा आहे, पण अट अशी आहे की दुसऱ्या परवानाधारकाने स्वतःचे जाळे उभारावे. आपल्या राज्यात याचा अनुभव मुंबई उपनगरांनी घेतला. जुलै २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरला तेथील किरकोळ ग्राहकांना वीज विकण्याचा हक्क असल्याचा निकाल दिला आणि २००९ मध्ये आयोगाने एक व्यवस्था आखली, जिच्यात ग्राहक कंपनी बदलू शकत होता, पण वीज मात्र त्याच्याकडे आधीच्या कंपनीच्याच तारांतून येत होती. लाखो ग्राहकांनी कंपनी बदलली. पुढे मात्र एक अडचण समोर आली. जास्त वीज वापरणारे आणि जास्त दर भरणारे ग्राहक निघून गेले, तर मागे उरलेल्या लहान ग्राहकांच्या स्वस्त दराचा भार कोण उचलणार? या अडचणीपायी आयोगाला स्थलांतर करणाऱ्या ग्राहकांवर अधिभार लावावा लागला.

उंच इमारतींच्या मुंबईत, जेथे एका जिन्याखाली शंभर मीटर असतात, तेथे जर ही अडचण आली, तर आपल्याकडे काय होईल याचा विचार करावा. सेलूहून एखाद्या शेतवस्तीकडे जाणारी अकरा केव्हीची लाइन तीन-चार किलोमीटर रानातून जाते आणि तिच्या टोकाला ६३ किंवा १०० केव्हीएचे एक रोहित्र, वीस-पंचवीस पंप आणि दहा-बारा घरे असतात. नवा विक्रेता आपल्या दुकानाकडे येईल, बाजारपेठेतील दवाखाने आणि कापडाच्या दुकानांकडे येईल, पण त्या वस्तीकडे आपणहून कधी जाणार नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात एकाच जाळ्यावर अनेक वितरकांना परवाना देण्याची तरतूद होती. ते विधेयक स्थायी समितीकडे गेले आणि संमत झाले नाही. त्याच सुमारास एका खासगी समूहाने नवी मुंबई परिसरासाठी समांतर परवाना मागितला आणि त्याविरुद्ध जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचाऱ्यांनी संप पुकारला. संप एका दिवसात मिटला, पण वाद मिटलेला नाही.

माझे मत आपण विचारले आहे. विक्रीत स्पर्धा यावी असे मला वाटते, पण तिच्याआधी दोन गोष्टी झाल्या पाहिजेत. शेतकऱ्याला आणि गरीब घराला दिली जाणारी सवलत दुसऱ्या ग्राहकाच्या बिलातून वसूल न होता सरकारच्या अर्थसंकल्पातून थेट आली पाहिजे, आणि नव्या विक्रेत्याला बाजारपेठ व वस्ती दोन्ही घेण्याचे बंधन असले पाहिजे. या दोन गोष्टींवाचून आलेली स्पर्धा सेलूच्या पेठेला स्वस्त पडेल आणि त्याची किंमत सेलूच्या शिवाराला मोजावी लागेल, हे मला मान्य नाही.

प्रश्न : मी लोखंडी सळ्या तयार करणाऱ्या एका कारखान्यात हिशेब पाहतो. आमच्या धंद्यात कच्च्या मालाच्या खालोखाल खर्च विजेचा असतो. बाहेरून स्वस्त वीज आणायची ठरवली की वहन आकार, क्रॉस सबसिडीचा अधिभार, अतिरिक्त अधिभार असे सगळे मिळून बचत खाऊन टाकतात. कायदा म्हणतो 'मुक्त प्रवेश', मग हा प्रवेश मुक्त कसा?
(एक वाचक, जालना)

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे, पण अधिभारामागचे कारणही समजून घेतले पाहिजे. उद्योजक ज्याला ओपन अॅक्सेस म्हणतात त्या तरतुदीनुसार एक मेगावॅटहून अधिक भार असलेल्या ग्राहकाला महावितरणच्या तारांतून दुसऱ्या कोणाचीही वीज आणता येते. २०२२ च्या केंद्रीय नियमांनी हरित ऊर्जेसाठी ही मर्यादा १०० किलोवॅटपर्यंत खाली आणली, त्यामुळे आता मध्यम आकाराच्या कारखान्यालाही सौर प्रकल्पाशी करार करता येतो. तार वापरली तर तिचे भाडे द्यावे, याबद्दल आपलाही आक्षेप नसावा.

वाद आहे तो क्रॉस सबसिडीच्या अधिभाराचा. महावितरण शेतीपंपाला आणि अगदी कमी वापर असलेल्या घराला सरासरी खर्चापेक्षा कमी दराने वीज देते आणि ती तूट उद्योग व व्यापारी ग्राहकांच्या चढ्या दरातून भरून काढते. आपला कारखाना बाहेर पडला की हा चढा हिस्सा महावितरणच्या हातून जातो आणि तो भरून काढण्यासाठी कायद्याने अधिभार ठेवला आहे. त्याच कायद्याने क्रॉस सबसिडी टप्प्याटप्प्याने कमी करावी असेही सांगितले आहे. २०१६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणानुसार हा अधिभार त्या वर्गाच्या दराच्या वीस टक्क्यांहून अधिक असू नये. अतिरिक्त अधिभाराचे कारण वेगळे आहे. आपल्यासारख्या ग्राहकांसाठी महावितरणने वीजनिर्मिती कंपन्यांशी दीर्घ मुदतीचे करार करून ठेवलेले असतात. आपण वीज घेतली नाही तरी त्या करारांतील स्थिर खर्च चुकत नाही.

सरकारने कोणाला सवलत द्यावी हा सरकारचा अधिकार आहे, पण विद्युत कायद्याच्या कलम ६५ प्रमाणे त्या सवलतीची रक्कम सरकारने वितरण कंपनीला आगाऊ द्यायची असते. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्याची योजना राज्यात लागू झाली. शेतकऱ्याच्या बिलाचा भार सरकारने उचलला हे चांगले झाले. मात्र शेतीचा जो दर सरकार भरते तोच मुळात खर्चापेक्षा कमी ठरवलेला असतो, म्हणून उद्योगाच्या दरातील क्रॉस सबसिडी तशीच उरते. जालन्याच्या पोलाद कारखान्यांना छत्तीसगडसारख्या राज्यांतील कारखान्यांशी स्पर्धा करावी लागते आणि तेथे वीज स्वस्त असते, म्हणूनच २०१६ साली राज्य सरकारने विदर्भ, मराठवाडा आणि उत्तर महाराष्ट्रातील उद्योगांना वीजदरात सवलत दिली. एका हाताने चढा दर लावायचा आणि दुसऱ्या हाताने सवलत द्यायची, हा उलटा प्रवास थांबवायचा असेल तर शेतीची वीजच स्वस्तात तयार झाली पाहिजे. शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीपंपांच्या वीजवाहिनीला, दिवसा सौर वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्या दृष्टीने मला महत्त्वाची वाटते. ती पूर्ण झाली तर रात्री पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याचे हाल थांबतील आणि आपल्या बिलावरील भारही हलका होईल.

प्रश्न : आमच्या लहानपणी थर्मलच्या चिमणीतून धूर निघत नसेल तर गावात काळजीचे वातावरण पसरायचे. आता संच बंद असल्याच्या बातम्या वारंवार येतात. वीज कमी पडते म्हणतात आणि दुसरीकडे चालू शकणारा संच बंद ठेवतात. हे काय गौडबंगाल आहे?
(एक शिक्षिका, परळी वैजनाथ, जि. बीड)

उत्तर : परळीच्या औष्णिक केंद्राचे संच, म्हणजे वीज तयार करणारी यंत्रे, दोन वेगवेगळ्या कारणांनी बंद राहिलेले आहेत आणि ती एकत्र करू नयेत. जुलै २०१५ मध्ये संपूर्ण केंद्र थांबले ते खडका बंधाऱ्यात पाणी उरले नाही म्हणून. ती दुष्काळाची वर्षे होती आणि पुढच्याच एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या बंदीचा स्पर्धेशी काही संबंध नव्हता.

इतर वेळी संच बंद असतो तो मात्र स्पर्धेमुळेच. ऐरोली येथील राज्य भार प्रेषण केंद्र दररोज सर्व वीज केंद्रांची एक उतरंड लावते. ज्याचा प्रति युनिट बदलता खर्च, म्हणजे मुख्यतः कोळशाचा खर्च, सर्वांत कमी, त्याची वीज आधी घेतली जाते. मागणी वाढेल तसतसे उतरंडीतील महागडे संच चालू केले जातात आणि मागणी उतरली की तेच आधी थांबवले जातात. व्यवहारात या पद्धतीला 'मेरिट ऑर्डर' म्हणतात. मराठवाड्यात कोळशाची खाण नाही. चंद्रपूर किंवा कोराडीच्या केंद्रांना खाणी जवळ आहेत, तर परळीपर्यंत कोळसा रेल्वेने लांबून यावा लागतो आणि त्या भाड्यामुळे परळीचे २५० मेगावॅटचे संच या उतरंडीत मागे पडतात. पावसाळ्यात शेतीची मागणी घटते आणि पवनऊर्जा वाढते, तेव्हा परळीची पाळी येतच नाही.

ही पद्धत योग्यच आहे, कारण स्वस्त वीज शिल्लक असताना महाग वीज घेतली तर तिचा भुर्दंड तुमच्या-माझ्या बिलात येईल. तरीही परळीकरांचे दुःख खोटे नाही. ज्या गावाने केंद्रासाठी जमिनी दिल्या, राख सोसली आणि ज्याची बाजारपेठ केंद्रातील पगारांवर चालली, त्याला 'उतरंडीत तुमचा क्रमांक खाली आहे' हे उत्तर पुरेसे होत नाही. बंद संचांच्या जागेचा आणि तेथवर आलेल्या उच्चदाब वाहिन्यांचा उपयोग सौर प्रकल्पासाठी किंवा वीज साठवणुकीसाठी करता येण्यासारखा आहे आणि ही मागणी परळीतून नेटाने पुढे आली पाहिजे.

संच बंद असला तरी, तो चालण्यास तयार असल्यास, त्याचा स्थिर खर्च करारानुसार द्यावा लागतो, हेही आपल्याला माहीत असावे. दाभोळ वीज प्रकल्पाचा इतिहास आठवावा. एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी १९९२ साली निविदा न मागवता सामंजस्य करार झाला, प्रकल्पाची वीज परवडेनाशी झाली आणि २००१ मध्ये मंडळाने ती घेणे थांबवले. त्या करारात डॉलरशी बांधलेला स्थिर आकार होता, म्हणून वीज घेतली नाही तरी देणे वाढतच गेले. २००३ च्या कायद्याने स्पर्धात्मक निविदांतून ठरलेला दर आयोगाने स्वीकारावा अशी वाट करून दिली, त्यामागे दाभोळसारख्या करारांचा कडू अनुभव होता.

प्रश्न : आमच्या शहरात वीज खासगी कंपनीकडे गेली आणि परत आली. पाणी खासगी कंपनीकडे गेले आणि तेही परत आले. दोन्ही वेळा नागरिकांना सांगितले गेले की आता सेवा सुधारेल. खासगीकरण आपल्याकडेच का फसते?
(एक ज्येष्ठ नागरिक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : तेव्हाच्या औरंगाबाद शहरातील वीज वितरण २०११ मध्ये पंधरा वर्षांच्या कराराने एका खासगी फ्रँचायझीकडे, म्हणजे महावितरणच्या वतीने वीज वाटून वसुली करणाऱ्या कंपनीकडे, गेले. थकबाकीच्या वादातून २०१४ मध्ये महावितरणने तो करार संपवला. त्याच वर्षी शहराचा पाणीपुरवठा समांतर जलवाहिनी योजनेखाली एका खासगी कंपनीकडे सोपवला गेला आणि महापालिकेने २०१६ मध्ये तोही करार रद्द केला. जळगाव आणि नागपूर येथील वीज फ्रँचायझीही मुदतीआधीच संपल्या. 'आपल्याकडेच फसते' असे मात्र म्हणता येणार नाही, कारण भिवंडीत जानेवारी २००७ पासून सुरू झालेली फ्रँचायझी टिकली. तेथे आत येणाऱ्या विजेपैकी निम्म्याहून अधिक विजेचे पैसेच वसूल होत नव्हते, ती हानी पुढे पुष्कळ खाली आली.

आपल्या शहरात झाले त्याला ग्राहकाच्या दृष्टीने स्पर्धा म्हणता येत नाही. ग्राहकाला एक कंपनी सोडून दुसरीकडे जाण्याची सोय नव्हती. स्पर्धा झाली ती फक्त एका दिवशी, निविदा उघडल्या त्या दिवशी. त्यानंतर पंधरा वर्षांची मक्तेदारी. अशा पद्धतीत सगळे ओझे करारावर येते. फ्रँचायझी आत येणाऱ्या प्रत्येक युनिटमागे महावितरणला ठरलेला दर देते आणि ग्राहकांकडून होणाऱ्या वसुलीतून आपला नफा काढते. बोली लावताना तिने वीजचोरी व थकबाकी किती कमी करता येईल याचा अंदाज फार आशावादी धरला, तर पहिल्याच वर्षापासून तोटा सुरू होतो, मग जाळ्यावरील खर्चात काटछाट होते आणि ती काटछाट ग्राहकाला रोज सोसावी लागते. आरंभीची हानी किती होती यावरच दोन्ही पक्षांचे एकमत नसेल, तर वाद अटळ असतो.

पाण्याच्या बाबतीत आणखी एक उणीव आहे. विजेला आयोग आहे, तेथे दर ठरवण्याआधी खर्चाचा हिशेब जाहीर होतो आणि आपण हरकत घेऊ शकतो. धरणातील घाऊक पाण्यासाठी महाराष्ट्राने २००५ च्या कायद्याने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन केले आणि जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडण्याविषयीचा सप्टेंबर २०१४ चा आदेश त्याच प्राधिकरणाने दिला. तो आदेश मराठवाड्याच्या हक्काचा होता आणि उच्च न्यायालयाच्या कसोटीवरही टिकला. पण नळाला पाणी किती दिवसांनी येते, किती दाबाने येते, पट्टी किती असावी आणि गळती कोणाच्या माथी मारावी, हे पाहणारी विजेच्या आयोगासारखी तटस्थ संस्था शहरी पाणीपुरवठ्याला नाही. महापालिका स्वतःच मालक, स्वतःच कराराची एक बाजू आणि स्वतःच पंच असते. असा पंच नेमल्यावाचून पाणी कोणत्याही खासगी कंपनीच्या हाती देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते महापालिकेच्या हाती ठेवायचे असले तरी पंचाची गरज तेवढीच आहे.

प्रश्न : आमच्या शिक्षकांनी वर्गात दूरसंचार क्षेत्र हे उदारीकरणाचे सर्वांत यशस्वी उदाहरण असल्याचे सांगितले. पण २०२४ मध्ये रिचार्जचे दर वाढले तेव्हा सर्व खासगी कंपन्यांनी ते एकाच सुमारास वाढवले. मग स्पर्धा कुठे राहिली? ट्रायने हे दर का रोखले नाहीत?
(एक विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : आपल्या शिक्षकांचे म्हणणे बरोबर आहे आणि आपली शंकाही बरोबर आहे. माझ्या उमेदीच्या काळात घरी दूरध्वनी मिळण्यासाठी नोंदणी करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल लावून तिष्ठत बसावे लागे. १९९४ च्या धोरणाने खासगी कंपन्यांना दार उघडले, १९९७ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, अस्तित्वात आले, २००३ मध्ये येणाऱ्या कॉलला पैसे पडणे बंद झाले आणि जानेवारी २०११ पासून नंबर कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर मिळाली. ही शेवटची सोय कोणत्याही कंपनीने आपणहून दिली नसती. नियामकाने ती देण्यास भाग पाडले म्हणून स्पर्धा खऱ्या अर्थाने ग्राहकाच्या हाती आली.

ट्राय मोबाइलचे दर साधारणपणे स्वतः ठरवत नाही. पुरेशा कंपन्या असतील तर दर आपोआप आवाक्यात राहतील, या गृहीतकावर ते कंपन्यांवर सोपवले आहेत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यानंतरच्या दरयुद्धात अनेक कंपन्या बंद पडल्या किंवा विकल्या गेल्या, २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एकत्र आल्या, आणि आता तीन खासगी कंपन्या व बीएसएनएल एवढेच उरले आहेत. म्हणजे ते गृहीतक ज्या परिस्थितीवर उभे होते, ती परिस्थितीच पालटली आहे. म्हणूनच डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त बोलणे आणि एसएमएस यांसाठीचे वेगळे रिचार्ज ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर घातले, ते मला फार गरजेचे वाटते. गावाकडे साधा फोन वापरणाऱ्या आजीने इंटरनेटचे पैसे का भरावेत?

प्रश्न : आमच्या शिवारातली डीपी जळाली की लाइनमन म्हणतो, वर्गणी करा, ट्रॅक्टर करा, डीपी घेऊन जा. पीक डोळ्यांदेखत वाळते. स्पर्धा वगैरे राहू द्या, आम्ही दाद कोणाकडे मागायची?
(एक शेतकरी, कळंब, जि. धाराशिव)

उत्तर : आपल्या पत्रातील अनुभव माझ्याही गावचा आहे. ऐन रब्बीत हरभऱ्याला दुसरे पाणी द्यायच्या वेळी आमच्या वस्तीवरची डीपी जळाली होती आणि माझ्या भावाने शेजाऱ्यांसह वर्गणी करून ती ट्रॅक्टरमध्ये घालून नेली होती. त्या वेळी आम्हाला हे माहीत नव्हते की, जळालेली डीपी, म्हणजे रोहित्र, बदलणे आणि त्याची ने-आण करणे ही वितरण कंपनीची जबाबदारी आहे आणि त्यासाठी शेतकऱ्याने पैसे देण्याचे कारण नाही.

रोहित्र बदलण्यासाठी शहरात किती तास आणि गावात किती तास, हे आयोगाने कृती मानकांच्या विनियमांत ठरवून दिले आहे. ती मुदत टळली तर कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे ग्राहकाला भरपाई मिळू शकते. त्यासाठी तक्रार केल्याची वेळ सिद्ध करता आली पाहिजे. म्हणून डीपी जळाल्याबरोबर १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा आणि त्याच दिवशी शाखा कार्यालयात लेखी अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. लाइनमनला तोंडी सांगितलेले कोठेही नोंदले जात नाही. तो बिचारा एकटा अनेक गावे सांभाळत असतो, तेव्हा त्याच्याशी भांडून काही साधणार नाही.

तेथे दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जावे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तेथे अर्ज करता येतो आणि त्यासाठी वकील लागत नाही. मंचाचा निर्णय पटला नाही तर साठ दिवसांच्या आत विद्युत लोकपालांकडे जाता येते. थकबाकीच्या कारणावरून जोडणी तोडायची असली तरी कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे कंपनीने पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिलीच पाहिजे, आणि सगळ्या डीपीचा पुरवठा तोडून नियमित बिल भरणाऱ्याला शिक्षा करणे या कलमात बसत नाही, हेही अर्जात लिहावे. अर्ज एकट्याच्या नावाने न देता त्या डीपीवरील सर्व पंपधारकांनी आपापला ग्राहक क्रमांक, पंपाची अश्वशक्ती आणि शेवटच्या भरलेल्या बिलाची तारीख लिहून खाली सह्या कराव्यात.